मोऱ्याची भट्टी आणि पाण्यांतील वीज

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच पूर्वेकडे वाट काढूं लागली म्हणजे कांहीं वेळानें उरणचे डोंगर दिसूं लागतात आणि त्यांच्या पायथ्याशीं मोरा बंदर लागतें. घारापुरीचीं लेणीं येथून समोरच आहेत. आज या बंदराचें नांव उतारूंच्या लाँची, मासळी आणि आसपासचे मोठे कारखाने यांमुळें लोकांस ठाऊक असतें. परंतु एकोणिसाव्या शतकांत मोरा व उरण हीं नांवें मुंबईकरांच्या तोंडीं दोन जिनसांमुळें होतीं: एक मीठ आणि दुसरी मोहाची दारू. मिठागरांची आठवण अजून ताजी आहे. भट्ट्यांची मात्र पुसत चालली आहे.

त्या भट्ट्यांचा इतिहास व्यसनाचा आणि सरकारी महसुलाचा आहे हें खरेंच. परंतु त्यांत आणखी एक धागा आहे. भांड्यांतील द्रवाला उष्णता कोणत्या वाटेनें द्यावी, किती द्यावी, आणि ती देतांना माणसानें आपला जीव कसा सांभाळावा, हा तो धागा होय. लाकडाच्या जाळापासून निघून तो आज विजेच्या कांडीपर्यंत येऊन पोंचला आहे, आणि ती कांडी आतां घरोघरच्या न्हाणीघरांत आहे. म्हणून या धाग्याचा मागोवा घेणें प्रत्येक गृहस्थास उपयोगाचें ठरेल.

उरण त्या काळीं पनवेल तालुक्यांत मोडत असे. हा तालुका १८८३ सालीं ठाणें जिल्ह्यांतून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यांत आला, आणि कुलाब्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. येथील भट्ट्या बहुतांशीं पारशी व्यापाऱ्यांच्या हातीं होत्या. मोहाचीं फुलें पंचमहालासारख्या गुजरातेंतील रानांच्या मुलुखांतून येत. वाळलेल्या मोहाच्या फुलांत वजनाच्या जवळजवळ निम्मी किंवा त्याहूनही अधिक साखर असते. तीं पाण्यांत भिजवून ठेवलीं कीं थोड्याच दिवसांत तें पाणी आंबतें व साखरेचा मद्यार्क होतो. मग तें आंबवण तांब्याच्या पात्रांत घालून खालून जाळ लावावयाचा, वर येणारी वाफ नळींतून नेऊन थंड करावयाची आणि थेंबाथेंबानें उतरणारा अर्क धरावयाचा, अशी ही कृति. मद्यार्क सुमारें ७८ अंश सेंटिग्रेडवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. या बावीस अंशांच्या अंतरांत भट्टीवाल्याची सारी विद्या सांठविलेली असे.

जाळ खालून लावण्यांत मात्र तीन दोष होते. पहिला असा कीं, लाकडाच्या जाळाला माप नाहीं. तो वाढविणें सोपें, पण एकदम कमी करणें कठीण. दुसरा दोष असा कीं, आंबवणांतील फुलांचा गाळ पात्राच्या तळाशीं बसतो, तेथील पत्रा सर्वांत तापलेला असतो, आणि गाळ करपून त्याचा वास साऱ्या अर्कास लागतो. तिसरा दोष सर्वांत भयंकर. सांध्यांतून निसटलेली मद्यार्काची वाफ खालच्या उघड्या जाळापर्यंत पोंचली तर भडका उडतो. उष्णता देणारी वस्तु आणि ती घेणारी वस्तु यांच्यामध्यें तांब्याच्या एका पत्र्यापलीकडे कांहींच नसे; तो पत्रा किंवा त्याचा सांधा फुटला कीं संरक्षण संपलें.

सरकारचें लक्ष अर्थातच दुसरीकडे होतें. १८७८ च्या अबकारी कायद्यानें मुंबई इलाख्यांतील मद्याच्या उत्पादनावर व विक्रीवर कडक नियंत्रण आलें. १८९२ सालीं तर मोहाच्या फुलांसंबंधानेंच स्वतंत्र कायदा झाला. पुढें १९३९ च्या ऑगस्टमध्यें मुंबई शहरांत दारूबंदी पुकारण्यांत आली आणि १९४९ सालीं मुंबई दारूबंदी कायदा मंजूर झाला. तोच कायदा आज महाराष्ट्राच्या नांवानें अमलांत आहे. त्यांतील तरतुदी काळानुसार सैल झाल्या, परवाने मिळूं लागले. परंतु परवान्यावांचून मद्य तयार करणें, मग तें स्वतःच्या घरांत व स्वतःपुरतें कां असेना, आजही गुन्हाच आहे. चोरट्या दारूचा धोका काय असतो हें २०१५ सालीं मुंबईंतील मालवणी येथें दिसून आलें. तेथें मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं.

उष्णतेच्या वाटेकडे पुन्हां वळूं गेल्यास मराठी घरांतील एका जुन्या वस्तूची आठवण होते. ती वस्तु म्हणजे तांब्याचा बंब. बंबाच्या पोटांतून एक उभी नळी जाते. तिच्यांत ढलप्या व कोळसे पेटवितात आणि पाणी नळीच्या सभोंवतीं असतें. चुलाणावर हंडा ठेवला तर जाळ हंड्याच्या कडेनें निसटून जातो. बंबांत तो पाण्याच्या मधोमध कोंडलेला असतो, म्हणून थोड्या जळणांत पाणी लवकर तापतें. अग्नि पाण्याच्या पोटांत ठेवावा, परंतु त्या दोघांची गांठ पडूं देऊं नये, हें तत्त्व बंब घडविणाऱ्या तांबटास पुरतें ठाऊक होतें. विजेच्या कांडीचें तत्त्वही हेंच. मात्र तींत नळींतला कोळसा जाऊन त्याच्या जागीं तापलेली तार येते.

तारेंतून वीज वाहिली असतां किती उष्णता उत्पन्न होते याचा नियम ज्या माणसानें शोधला तो स्वतः मद्य तयार करणाऱ्या घराण्यांतला होता, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म १८१८ सालीं इंग्लंडांतील सालफर्ड येथें झाला. त्यांच्या वडिलांचा बीअरचा कारखाना होता आणि ज्यूल यांनीं त्यांत वर्षानुवर्षें लक्ष घातलें. बीअरच्या धंद्यांत उष्णतामापकाचें महत्त्व अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ओळखलें गेलें होतें, कारण मोड आणून वाळविलेला जव सुमारें ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यांत भिजविला तरच त्यांतील पिठाची चांगली साखर होते. थोडी उष्णता वाढली तर कार्य नासतें. अशा वातावरणांत वाढलेल्या ज्यूल यांनीं तारेचें वेटोळें पाण्याच्या भांड्यांत बुडविलें, तींतून प्रवाह सोडला आणि पाणी किती अंशांनीं तापतें तें मोजलें. १८४१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा नियम असा, कीं प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. विजेच्या शेगडीपासून फ्यूजच्या तारेपर्यंत सर्व वस्तु या नियमावर चालतात. घरांतील एखादा सैल सांधा तापून काळा पडतो तोही याच नियमानें.

नियम सांपडला तरी कांडी होण्यास आणखी सुमारें ऐंशी वर्षें लागलीं. अडचण पाण्याची होती. वीज आणि पाणी एकत्र आणावयाचीं तर त्यांच्यामध्यें आवरण हवें. समुद्राच्या थंड पाण्यापुरता हा प्रश्न लौकर सुटला. मलायाकडील झाडांपासून मिळणारा गटापर्चा नांवाचा चीक तारेवर लेपला तर खाऱ्या पाण्यांतही वीज निसटत नाहीं असें दिसून आलें, आणि १८७० सालीं मुंबईपासून एडनमार्गें सुएझपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची तार पडली. तिचा मुंबई ते एडन हा भाग ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड आगबोटीनें टाकला. ज्या काळांत मोऱ्याच्या भट्ट्या लाकडावर चालत होत्या त्याच काळांत मुंबईच्या किनाऱ्यापासून पाण्याखालून विजेचे संदेश जाऊं लागले होते.

परंतु गटापर्चा ऊन पाण्यांत मऊ पडतो. शिवाय तो उष्णतेस अडवितो, आणि येथें तर उष्णता बाहेर यावयास हवी. म्हणजे पाणी तापविणाऱ्या तारेचें आवरण असें पाहिजे, कीं जें विजेला अडवील पण उष्णतेला वाट देईल. शिवाय तारही अशी हवी, कीं जी लाल होऊन जळून जाणार नाहीं. लोखंडी तार गंजून तुटे. प्लॅटिनम टिके, पण त्याची किंमत कोणास परवडणार? १९०६ सालीं अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकास निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचें पेटंट मिळालें. हीच आजची नायक्रोम तार. ती तापली कीं तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो व तोच आंतील धातूचें रक्षण करितो. आवरणाच्या प्रश्नाचें उत्तर मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीनें दिलें. धातूच्या नळींत मधोमध नायक्रोमचें वेटोळें ठेवावयाचें, सभोंवतीं ही भुकटी भरावयाची आणि नळी दाबून भुकटी दगडासारखी घट्ट करावयाची. १९२२ सालीं बर्मिंगहॅमच्या बुलपिट कारखान्यांतील लेस्ली लार्ज यांनीं किटलीच्या पाण्यांतच बुडणारी अशी तापक नळी बसविली. तोपर्यंत किटलींतील तार तळाखालच्या वेगळ्या कप्प्यांत असे, म्हणजे भट्टीच्या जाळासारखी बाहेरूनच तापवी.

वीजही तोंवर आपल्याकडे आली होती. १९१५ सालीं सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेलें पाणी कुलाबा जिल्ह्यांतील खोपोली येथें उतरवून टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यास आरंभ केला. आणि खुद्द उरणला, जेथें एके काळीं मोहाच्या भट्ट्यांखालीं लाकूड जळे, तेथें १९८२ सालीं नैसर्गिक वायूवर चालणारें वीजकेंद्र सुरू झालें.

परदेशांत या कांडीनें घरगुती बीअरच्या छंदांत प्रवेश केला. इंग्लंडांत १९६३ पासून घरीं स्वतःपुरती बीअर करण्यास परवान्याची गरज उरली नाहीं. अमेरिकेंत १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं तशा कायद्यावर सही केली. घरीं अर्क गाळण्याची मोकळीक मात्र या कायद्यांनीं दिली नाहीं. छंदी लोकांनीं मोठ्या पातेल्यास भोंक पाडून त्यांत पाण्याच्या बंबाची तापक नळी बसविण्यास सुरुवात केली. येथेंच जुना प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. कारखान्यांत तयार झालेली वस्तु तपासून बाहेर पडते. घरीं जुळविलेल्या वस्तूची जबाबदारी जुळविणाऱ्याच्या शिरावर असते. आपल्याकडे हा छंद कायद्यांत बसत नाहीं, तथापि दूध, गुळाचें पाणी किंवा अंघोळीचें पाणी तापविणाऱ्या प्रत्येक साधनास पुढील गोष्टी सारख्याच लागू पडतात.

प्रथम शक्तीचा हिशेब पाहावा. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास सुमारें ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. वीस लिटर पाणी २८ अंशांवरून ६८ अंशांवर नेण्यास ३,३६० किलोज्यूल लागतील. दोन हजार वॉटची कांडी तें काम २८ मिनिटांत करील. भांड्यांतून निसटणारी उष्णता धरली तर थोडा वेळ अधिक. २३० व्होल्टवर अशी कांडी जवळजवळ ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्यापंख्याच्या पांच अँपिअरच्या प्लगाला हा भार सोसत नाहीं. त्यास मोठा, सोळा अँपिअरचा प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. बारीक तार वापरली तर ज्यूल यांचा नियम कांडीऐवजीं भिंतींतच आपला प्रताप दाखवितो.

दुसरी गोष्ट पाणी अडविण्याची. कांडीचा तापणारा भाग सहसा दगा देत नाहीं. नळी भांड्याच्या भिंतींतून जेथें बाहेर येते आणि तारा जेथें जोडल्या जातात, तेथें दगा होतो. भोंक गुळगुळीत असावें. तेथें सिलिकोन रबराचा वॉशर बसवावा, कारण साधें रबर उष्णतेनें कडक होऊन चिरतें. जोडणीच्या टोकांवर झांकण असलेली बंद पेटी असावी, तार तींत घट्ट धरणाऱ्या ग्लँडमधून शिरावी, आणि शिरण्यापूर्वीं ती थोडी खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी पेटींत न जातां खालीं टपकतें. भांड्यांत प्रथम नुसतें पाणी भरून, वीज न जोडतां, तें कांहीं तास ठेवावें. पेटी कोरडी राहिली तरच पुढें जावें. मोऱ्यासारख्या खाऱ्या हवेच्या गांवीं ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण मिठाचा ओलावा पितळी टोकांवर हिरवा गंज चढवितो आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटीही ओल शोषून घेते. ओल शिरली कीं वीज हळूहळू धातूच्या नळींत झिरपूं लागते.

तिसरी गोष्ट भूमीशीं जोडणीची, म्हणजे लोक ज्यास अर्थिंग म्हणतात तिची. कांडीची नळी, धातूची पेटी आणि भांडें हीं तिन्ही अर्थिंगच्या तारेस घट्ट जोडलेलीं असलींच पाहिजेत. तसें असेल तर निसटलेल्या विजेस जमिनींत जाण्याची सोपी वाट मिळते. नसेल तर भांड्यास हात लावणारा माणूसच ती वाट होतो.

चौथी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनेंही महत्त्वाची आहे. अनेकांस वाटतें कीं फ्यूज असल्यावर भय कसलें? परंतु फ्यूज तारेचें रक्षण करितो, माणसाचें नव्हे. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. माणसाच्या हातांतून सुमारें दहा मिलिअँपिअर गेले तर स्नायु आंवळून धरलेली वस्तु सुटत नाहीं. आणि तीस-चाळीस मिलिअँपिअर कांहीं क्षण टिकले तर हृदयाची लय बिघडूं शकते. म्हणजे माणूस मरेल, पण फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाहीं. कॅलिफोर्नियांतील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनीं माणसाच्या शरीरावर विजेचा काय परिणाम होतो याचा अनेक वर्षें अभ्यास केला आणि १९६१ सालीं एक सूक्ष्म रक्षक यंत्र तयार केलें. त्याचें तत्त्व सावकाराच्या वहीसारखें आहे: जितकी वीज गेली तितकी परत आली पाहिजे. जमाखर्चांत फरक पडला तर तो प्रवाह दुसऱ्या कोणत्या तरी वाटेनें जात आहे, कदाचित् माणसांतून, असें समजून यंत्र तत्काळ वीज तोडतें. आपल्याकडे घराघरांत बसविलें जाणारें आर.सी.सी.बी. हें याच जातीचें. माणसाच्या रक्षणासाठीं तें तीस मिलिअँपिअरचें असावें. त्यावरील परीक्षेचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. हें यंत्रही सर्वशक्तिमान् नाहीं. एका हातांत फेज व दुसऱ्या हातांत न्यूट्रल धरणाऱ्या माणसाचा जमाखर्च त्यास बरोबरच दिसतो.

पांचवी गोष्ट म्हणजे कांडी कोरडी पडूं न देणें. पाण्यांत बुडालेली नळी आपली उष्णता सतत पाण्यास देत असते. पाणी खालीं गेलें कीं उघडा पडलेला भाग थोड्याच वेळांत लाल होतो आणि नळी फुटते. गोड किंवा दाट द्रव असेल तर आणखी एक काळजी: थोड्या लांबीच्या नळींतून फार शक्ति सोडली तर तिच्या पृष्ठावर साखर करपते. मोऱ्याच्या पात्राच्या तळाशीं मोहाचा गाळ करपत असे, तोच हा दोष. त्यासाठीं तेवढ्याच शक्तीची पण लांब, अनेक वळणांची नळी घ्यावी लागते.

या सर्वांवर एक साधी संवय आहे, आणि तिला पैसा पडत नाहीं. दरवर्षीं थंडीच्या दिवसांत, बादलींत रॉड चालू असतां पाणी तापलें कीं नाहीं हें बोट बुडवून पाहणाऱ्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. प्रथम बटण बंद करावें, मग प्लग काढावा, आणि त्यानंतरच पाण्यास हात लावावा. लहान मुलें व कामाची बाई यांसही हा क्रम समजावून सांगणें हें घरच्या कर्त्या माणसाचें काम आहे. रॉड विकत घेतांना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि तीन पायांचा प्लग दोन छिद्रांत बसविण्यासाठीं त्याचा अर्थिंगचा पाय मोडण्याचें अघोर कृत्य कधींही करूं नये.

उघडा जाळ डोळ्यांस दिसतो, त्याची धग लागते, धूर येतो. म्हणून भट्टीवाल्यास धोक्याची सूचना मिळत असे. पाण्यांत उतरलेली वीज दिसत नाहीं, तिला वास नाहीं, आणि तिची सूचना पुष्कळदां तिच्या आघाताबरोबरच येते. ज्यूल यांच्या भांड्यापासून डॅलझील यांच्या यंत्रापर्यंतचीं एकशेवीस वर्षें माणसानें ही न दिसणारी आग मोजण्यांत, आवरण्यांत व वेळेवर तोडण्यांत घालविलीं. त्या श्रमाचें फळ आज बाजारांत थोडक्या पैशांत मिळतें. एक वॉशर, एक अर्थिंगची तार आणि भिंतीवरील एक लहान पेटी एवढेंच त्याचें रूप आहे. तीं घरांत आहेत कीं नाहींत हें पाहण्यास अर्धा तास पुरतो, आणि हें काम पहिली थंडी पडण्यापूर्वींच उरकलेलें बरें.